नाक तिचं, दोरी आपली : घरच्या हाउंडला खेळातून माग काढायला शिकवताना

टिकली वर्षाची होईपर्यंत मी तिला हट्टीच समजत होते. बीगल जातीची, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. फिरायला नेलं की पहिल्याच खांबापाशी तिचं नाक जमिनीला चिकटायचं. मग मी हाका मारल्या काय, दोरी ओढली काय, बाईसाहेबांच्या कानापर्यंत काही पोचायचंच नाही. एवढे लांबलचक कान देवानं कशाला दिलेत, असं मी तिला वैतागून विचारायचे. तिच्या बाजूनं पाहिलं तर मी तिला रोज वाचनालयात नेत होते आणि पुस्तक उघडलं की हाताला धरून बाहेर ओढत होते.

हाउंडला, म्हणजे बीगलसारख्या शिकारी जातीच्या कुत्र्याला, हुंगायला शिकवावं लागत नाही. तिला शिकवायचं ते एवढंच, की मी दाखवीन तो वास घ्यायचा, मी सांगेन तिथून निघायचं आणि शेवटपर्यंत जायचं, त्यात मजा आहे. बाकीचा निम्मा अभ्यासक्रम माणसाचा असतो. दोरी कशी धरायची, कधी थांबायचं आणि मुख्य म्हणजे तोंड कधी बंद ठेवायचं, हे शिकायला मला टिकलीपेक्षा जास्त वेळ लागला.

नाकाबद्दल आणि वासाबद्दल थोडं

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाखांच्या घरात असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार साधारण 20 ते 30 कोटी असतात आणि त्यात ब्लडहाउंड वरच्या टोकाला. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, खरी गंमत नाकाच्या बांधणीत आहे. कुत्र्याच्या नाकपुडीच्या कडेला एक चीर असते. आत येणारा श्वास समोरून येतो आणि बाहेर जाणारा त्या चिरेतून बाजूला निघतो, त्यामुळे समोरचा वास फुंकरीनं उधळला जात नाही. मागावर असताना कुत्रा सेकंदाला चार-पाच वेळा असे छोटे छोटे श्वास घेतो. शांत जागी कान दिलात तर ती फुसफुस तुम्हाला ऐकू येईल, आणि पुढे तीच तुमची खूणगाठ होईल. फुसफुस चालू म्हणजे काम चालू.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. जीभ बाहेर आली, तोंडानं श्वास सुरू झाला की नाकाचं काम ढेपाळलंच. म्हणून उन्हात सराव नको, आणि आधी पळवून-दमवून तर मुळीच नको.

आता माग म्हणजे काय? माणूस चालतो तेव्हा त्याच्या त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडत असतात. ते हवेत तरंगत वाऱ्याच्या दिशेनं जाऊन खाली बसतात. शिवाय पाऊल पडतं तिथं गवत चिरडतं, माती हलते, त्याचा आणखी वेगळा वास सुटतो. म्हणजे मागावर निदान दोन वास असतात, माणसाचा आणि तुडवलेल्या जमिनीचा. काही कुत्री पावलागणिक नाक टेकवत जातात. काही पावलांपासून हात-दोन हात बाजूनं, वाऱ्यानं कण जिथं नेऊन टाकले तिथून जातात. आणि काही मान वर करून हवेतला वास पकडतात आणि सरळ माणसापाशी जाऊन थडकतात. तिन्ही पद्धती खऱ्या आहेत आणि बहुतेक हाउंड त्यांची खिचडी करतात. सुरुवात पावलांपासून करावी असं माझं मत आहे, कारण त्यानं संथपणा अंगात येतो. पुढे तिला हवं तसं जाऊ द्यावं.

पहाटेची किंवा संध्याकाळची वेळ, दमट हवा, मंद वारा आणि ओलसर गवत यापेक्षा चांगला योग नाही. कोरडी तापलेली जमीन वास टिकू देत नाही. मुसळधार पाऊस तो धुऊन नेतो, भुरभुर मात्र मदतच करते. भिंतीच्या कडेला, चरात, कुंपणाच्या बुडाशी वास साचून राहतो. तिथं कुत्रं जास्त वेळ घुटमळलं तर ते भरकटलं असं लगेच समजू नका.

कुणाला जमेल?

बीगल, बॅसेट, ब्लडहाउंड, डॅशहुंड ही सगळी नाकावर शिकार करणारी मंडळी. ग्रेहाउंड, सालुकी हे हाउंडच, पण डोळ्यांवर धावणारे. त्यांनाही हा खेळ येतो, फक्त दूर काही हललं की त्यांची मान पटकन वर जाते, म्हणून सुरुवातीला आडोशाची जागा बघावी. पिल्लू असेल तर घरातले खेळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून चालतात, दोन-तीन मिनिटांपुरते. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी तर हा खेळ वरदानच, कारण पळायला लागत नाही. डॅशहुंड आणि बॅसेटच्या पाठीला उड्या सोसत नाहीत, तेव्हा त्यांच्या मागावर ओंडके आणि पायऱ्या नकोत.

सामान

छातीला नीट बसणारा, खांदे मोकळे सोडणारा हार्नेस घ्या. गळपट्ट्याला लांब दोरी लावू नये. मागावर कुत्रं पुढे ओढ घेतं, ते आपल्याला हवंच असतं आणि तो ताण गळ्यावर येता कामा नये. शक्य असेल तर हा हार्नेस फक्त मागासाठीच ठेवा. महिन्याभरात तो नुसता हातात घेतला तरी कुत्र्याच्या अंगात वेगळं वारं शिरतं.

दोरी सुरुवातीला पाच मीटरची, पुढे दहा मीटरची. चपटी किंवा गोल, पण ओली झाली तरी हातातून सुटणार नाही अशी. पातळ दोरी तळहात सोलून काढते. मी पहिल्या आठवड्यात हातमोजे घातले नव्हते, त्याचा व्रण अजून आहे.

खाऊ मऊ हवा, वाटाण्याएवढे तुकडे करून. उकडलेलं चिकन किंवा चीज चालतं. कुरकुरीत बिस्किटं मागावर नकोत, कारण ती चावायला कुत्रं थांबतं आणि चुरा सांडला की तिथंच शोधत बसतं. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) असलेला कुठलाही पदार्थ कुत्र्यासाठी विषारी आहे, हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेवा, कारण खाऊ पेरायला त्यांनाच हौस असते. सरावात जेवढं खाल्लं तेवढं जेवणातून वजा करायचं. बीगलच्या बाबतीत हे विसरलात तर सहा महिन्यांत घरात पिंप तयार होतं.

याशिवाय काठीला कापड बांधून केलेल्या सात-आठ झेंड्या, झाकणाचा एक डबा, घासून मऊ झालेले जुने मोजे, पाणी आणि एक वही. वही चैन वाटेल, पण तिच्याशिवाय पुढे काय बिघडलं ते कळत नाही.

पहिला टप्पा : घरातच

एका मुठीत खाऊ घ्या, दुसरी रिकामी ठेवा, दोन्ही कुत्र्यापुढे धरा. ती पंजा मारेल, चाटेल, भुंकेल. काही करू नका. ज्या क्षणी योग्य मुठीवर नाक स्थिर होईल, तेव्हा मूठ उघडा. आठ-दहा वेळा झालं की पुरे. नाक वापरलं की दार उघडतं, एवढंच तिला यातून कळायला हवं.

मग एक जुना टॉवेल घडी करून त्यात तुकडे लपवा. त्यानंतर पुठ्ठ्याचे पाच-सहा रिकामे खोके ओळीनं मांडा आणि एकातच खाऊ टाका. खोका सापडला की लगेच तिथंच, त्याच खोक्यात आणखी दोन तुकडे टाका. बक्षीस वासाच्या जागी मिळालं पाहिजे, तुमच्या खिशापाशी नाही. हा बारकावा लहान दिसतो, पण पुढे जे कुत्रं मागावर असताना वळून वळून मालकाच्या हाताकडे बघतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं.

आज्ञेचा शब्द आत्ता जोडायचा. मी ‘शोध’ म्हणते. शब्द कुठलाही चालेल, पण घरात एरवी वापरातला नको. नाक खाली गेलं की मगच शब्द उच्चारायचा, म्हणजे शब्द त्या कृतीला चिकटतो. चार-पाच दिवसांनी शब्द आधी आणि कृती मागून, असं उलटवता येतं. आधीच ‘शोध, शोध, शोध’ अशी जपमाळ ओढलीत तर तो शब्द पंख्याच्या आवाजासारखा होतो.

दुसरा टप्पा : लपाछपी

घरातल्या एकानं कुत्र्याला धरायचं, दुसऱ्यानं हातात खाऊ दाखवत पळत जाऊन दाराआड लपायचं. ‘शोध’ म्हणून सोडायचं. सापडल्यावर लपलेल्यानं असा आनंद दाखवायचा की शेजाऱ्यांना काळजी वाटावी. दोन-तीन वेळा पळताना दिसू द्या, मग कुत्रं दुसऱ्या खोलीत असताना लपा. आता डोळ्यांचा उपयोग नाही, नाकच हवं. बाहेर हाच खेळ झाडाआड करता येतो. माणूस शोधणं ही सुद्धा मजा आहे हे इथं पक्कं झालं की पुढचं निम्मं काम झालं.

यात एकच पथ्य आहे. तीन वेळा खेळून चौथ्याला हात जोडायचे, तिला आणखी हवं असतानाच. हे मला फार जड जायचं. छान चाललंय म्हटल्यावर ‘अजून एकदाच’ हा मोह होतो, आणि नेमकी त्या शेवटच्या खेपेला ती कंटाळून गवत खायला लागते.

तिसरा टप्पा : पहिला खरा माग

घोट्यापर्यंत गवत असलेली, कुणी फारसं न तुडवलेली मोकळी जागा शोधा. कुत्र्याला गाडीत किंवा लांब, नजरेआड बांधा. वारा पाठीवर घ्या, म्हणजे तुम्ही चालणार त्याच दिशेला तो वाहायला हवा. समोरून वारा आला तर पुढच्या खाऊचा वास हवेतूनच नाकात येतो आणि कुत्रं पावलं सोडून सरळ धावत सुटतं.

झेंडी रोवा. तिच्या बाजूला हातभर लांब-रुंद चौकोनात पाय घासून तुडवा आणि तिथं सहा-सात तुकडे टाका. हा झाला वासाचा उंबरठा. इथून पावलाला पाऊल जवळजवळ लावत, सरळ रेषेत पंधरा-वीस पावलं चाला. प्रत्येक पाऊल किंचित दाबा आणि टाचेच्या ठशात एक तुकडा ठेवा. नजर दूरच्या एखाद्या झाडावर ठेवली तर रेषा वाकडी होत नाही. नाकासमोर चालणं म्हणजे काय ते मला या वयात, गवतात खाऊ पेरताना कळलं. शेवटच्या ठशावर डबा किंवा मोजा ठेवा आणि त्याखाली मूठभर खाऊ. मग तसेच आणखी दहा पावलं पुढे जाऊन मोठा वळसा घेऊन परत या. आपल्याच मागावरून उलट येऊ नका.

दहा मिनिटं थांबा. तुडवलेल्या गवताचा वास थोडा स्थिर होतो.

आता हार्नेस चढवा, दोरी अडकवा, संथपणे उंबरठ्यापाशी आणा. बोट जमिनीकडे, एकदाच ‘शोध’. ती सगळे तुकडे टिपेपर्यंत हलू नका. नाक आपोआप पहिल्या ठशाकडे सरकेल. तेव्हा दोरी दीड-दोन मीटर सोडा आणि मागे चाला, तिच्या वेगानं. दोरी हलकीशी ताणलेली हवी, मासा गळाला लागल्यावर असते तशी जिवंत. ओढायचं नाही आणि लोंबकळू द्यायचं नाही.

गप्प राहा. ‘शाब्बास, शाब्बास’ सुद्धा नको. तुमच्या आवाजानं मान वर होते आणि तुटलेला धागा पुन्हा जुळवायला तिला वेळ लागतो. कौतुक शेवटी, डब्यापाशी, पोटभर.

दिवसाला असे दोन माग, आठवड्यातून दोन-तीन दिवस. एवढंच. रोज रोज केलं तर उत्साह लवकर आटतो.

खाऊ कमी करणं आणि वस्तू दाखवणं

तीस पावलं ती मान न उचलता जायला लागली की दर दुसऱ्या ठशात खाऊ, मग अनियमित. तीन ठसे रिकामे, मग एक भरलेला, मग पाच रिकामे. पाळी ओळखता आली नाही पाहिजे. पावलंही आता नेहमीसारखी टाका. महिना-दीड महिन्यात मागावर तीन-चारच तुकडे आणि शेवटी मोठं बक्षीस, इथवर यायला हरकत नाही. उशीर झाला तरी बिघडत नाही, घाई झाली की बिघडतं.

याच काळात मोजा शिकवायचा. घरात मोजा जमिनीवर टाका. तिनं हुंगला की ‘बस’ किंवा ‘झोप’ सांगा आणि दोन पंज्यांच्या मधोमध, मोज्यावरच खाऊ द्या. काही दिवसांनी ती मोजा दिसताच आपणहून बसते. मग तो मागाच्या अधेमधे टाका. याचा फायदा दुहेरी आहे. कुत्र्याला मधे विसावा मिळतो आणि तुम्हाला कळतं की अजून वाट बरोबर आहे. टिकलीला बसण्याचा कंटाळा. ती मोज्यावर हनुवटी टेकवून आडवी पडते आणि डोळे वर करून माझ्याकडे बघते. मी ते चालवून घेतलं.

वळण

इथं सगळेच अडखळतात, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिली काही वळणं काटकोनात घेऊ नका, नदी वळते तशी सैल कमान घ्या. कमानीच्या पट्ट्यात पुन्हा प्रत्येक ठशात खाऊ. चार-पाच सरावांनी काटकोन घ्या, पण वळणाच्या लगेच पुढच्या तीन-चार ठशांत खाऊ हवाच, म्हणजे बरोबर दिशा निवडल्याचं बक्षीस तिथल्या तिथं मिळतं. वळणाच्या जागी झेंडी नको. कुत्रं झेंडी वाचायला फार पटकन शिकतं. एखाद्या दगडाची, रोपट्याची खूण मनात ठेवा आणि वहीत लिहा.

वळणाशी कुत्रं बहुतेकदा दोन-तीन मीटर पुढे निघून जातं. मग पाहा काय होतं. फुसफुस थांबते. मान जमिनीपासून वीतभर वर येते. शेपटीची लय बदलते, टिकलीची तर मधेच गोठते. मग ती एका बाजूला वळते, परत येते, गोल फिरते. या वेळी तुमचं काम एकच, खांबासारखं उभं राहणं. दोरी सैल करून हात उंच धरा, म्हणजे ती पायात न अडकता तिला पूर्ण फेरी मारता येईल. फेरीत पुन्हा माग लागला की मान झटक्यात खाली जाते, फुसफुस सुरू होते आणि दोरीला ओढ लागते. दोरी पुन्हा भरली की मगच पाऊल उचला.

मी हे कसं बिघडवलं ते सांगते. एकदा मी माग टाकला आणि ‘मोठ्या दगडापाशी डावीकडे’ असं डोक्यात ठेवलं. टिकली दगडापाशी पोचली, थांबलीच नाही, सरळ पुढे. मला वाटलं, चुकली. मी दोरी किंचित डावीकडे ओढली. ती आली, हुंगली, पुन्हा सरळ जाऊ लागली. मी पुन्हा ओढली. मग ती खाली बसली आणि मागच्या पायानं कान खाजवायला लागली, जणू आता तुझं तूच बघ. घरी येऊन वही उघडली तेव्हा कळलं, मी स्वतःच लिहून ठेवलं होतं : दगड दुसरा. वळण आणखी बारा पावलं पुढे होतं.

चूक तेवढ्यावर थांबली नाही. त्यानंतर तीन आठवडे ती प्रत्येक वळणाशी मान वर करून माझ्या हाताकडे बघायची. नाकापेक्षा दोरीवर विश्वास ठेवायला मीच तिला शिकवलं होतं, दोन झटक्यांत. व्यावसायिक मंडळीही याला अपवाद नाहीत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा जागी प्रशिक्षित शोधक कुत्री नेली होती जिथं शोधायचा वास नव्हताच, पण हाताळणाऱ्यांना तो असल्याचं सांगितलं होतं. तरीही ‘सापडलं’ असे इशारे पुष्कळ नोंदले गेले.

यावर उपाय म्हणजे आंधळा माग. दुसऱ्या कुणीतरी माग टाकायचा आणि तुम्हाला काहीही सांगायचं नाही. माग टाकणाऱ्यानं वीस पावलं मागून चालायचं आणि कुत्रं फारच भलतीकडे गेलं तरच बोलायचं. पहिल्या आंधळ्या मागावर तुमचे हात थरथरतील. माझे थरथरले. टिकलीनं मात्र तो माझ्या माहितीतल्या सगळ्या मागांपेक्षा सफाईनं काढला.

वेळ, लांबी, जमीन

एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. माग जुना केला तर लांबी कमी ठेवा. जमीन बदलली तर माग ताजा ठेवा आणि खाऊ वाढवा. माझा क्रम असा होता : दहा मिनिटांवरून वीस, तीस, मग तासभर. लांबी पन्नास पावलांपासून दोनशे, चारशेपर्यंत. गवतानंतर नांगरलेली माती, मग पालापाचोळा, मग खडीची वाट. डांबर आणि फरशी सगळ्यात शेवटी, कारण तिथं चिरडलेल्या गवताचा आधार नसतो आणि झडलेले कण वाऱ्याबरोबर कडेला जाऊन साचतात.

कुठवर जाता येतं याचा अंदाज हवा असेल तर अमेरिकन केनेल क्लबच्या पहिल्या पायरीच्या माग-परीक्षेकडे बघा. माग 440 ते 500 यार्ड, म्हणजे सुमारे 400 ते 460 मीटर लांब असतो, अर्धा ते दोन तास जुना आणि तीन ते पाच वळणांचा. घरच्या कुत्र्याला नेमानं सराव दिला तर हे आवाक्याबाहेरचं नाही. परीक्षा द्यायलाच हवी असं काही नाही, मी दिलेली नाही.

ठरावीक माणसाचा माग

इथं खेळ खरा रंगतो. ज्याला शोधायचं त्यानं पायात घातलेला मोजा स्वतःच स्वच्छ पिशवीत टाकून पिशवी बंद करायची. तुम्ही तो हाताळलात तर त्यावर तुमचाही वास बसतो. सुरुवातीच्या जागी पिशवीचं तोंड कुत्र्यापुढे उघडं धरा. तोंडात कोंबू नका, नाक आपणहून आत जाऊ द्या. दोन-तीन श्वास झाले की ‘शोध’.

पहिल्यांदा एकच माणूस, वीस-तीस मीटरवर. मग दोघांनी एकाच जागेवरून निघायचं आणि पंधरा पावलांवर इंग्रजी ‘वाय’सारखं फाटायचं. कुत्रं चुकीच्या माणसाकडे गेलं तर त्यानं पुतळा व्हायचं. हसू नाही, हात नाही, खाऊ तर नाहीच. कुत्रं जरा गोंधळतं, मग मागे फिरतं. बरोबर माणूस सापडला की मात्र सोहळा.

माग कुठल्या दिशेला गेलाय हे कुत्र्याला कसं कळतं, असं पुष्कळ जण विचारतात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शिकवलेल्या कुत्र्यांना दिशा ओळखायला सलग पाच पावलं पुरली, तीन पुरली नाहीत. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा सेकंदभरानं ताजं असतं आणि एवढासा फरक त्यांना पुरत असावा. तेव्हा टिकली सुरुवातीला चार पावलं उलटी जाऊन वळते, तेव्हा मी आता तिला टोकत नाही.

बिघाड आणि उतारे

फार सुसाट पळते : भूक जास्त आहे किंवा खाऊ विरळ झालाय. ठशाठशात बारीक तुकडे टाका आणि गवत थोडं उंच निवडा, शोधायला वेळ लागतो आणि वेग आपोआप उतरतो. दोरीनं मागे खेचून वेग कमी होत नाही, उलट ओढाताणीचाच खेळ सुरू होतो.

मधेच सशाच्या किंवा मांजराच्या वासावर जाते : हाउंडच ती, जाणारच. रागावू नका, थांबा. दोरीची लांबी संपली की पुढे जाता येत नाही, आणि गप्प उभ्या माणसाइतकं कंटाळवाणं काही नसतं. माघारी येऊन खऱ्या मागाला नाक लावलं की चालायला लागा. हे वरचेवर होत असेल तर माग फार जुना किंवा फार लांब झालाय.

मागावर गळा काढते : काही हाउंड मागावर स्वर लावतातच. आनंद आहे तो. शेजारी कुरकुरत असतील तर जागा बदला, कुत्रं नाही.

काम सोडून बसली, जांभया देते, खाजवते : अवघड झालं. दोन टप्पे मागे जा आणि सोपा, खाऊनं भरलेला छोटा माग देऊन दिवस संपवा. अपयशावर सराव संपवायचा नाही, त्यासाठी एक तयार सोपा माग बाजूला टाकून ठेवायची मला सवयच लागली आहे.

आणि काही दिवस नुसतेच वाईट जातात. वारा फिरतो, कुणी मधून गुरं नेतं, तुमचं डोकं ठिकाणावर नसतं. वहीत लिहा आणि घरी जा.

जिवाची काळजी

लांब दोरी रस्त्याजवळ कधीही सोडू नका. कुत्रं कितीही शहाणं असलं तरी मागावर असताना त्याचे कान बंद असतात, म्हणून दोरीशिवाय माग नको. दोरी बोटांना गुंडाळू नये. उंच गवतात साप असू शकतात, म्हणून माग टाकताना तुम्ही आधी त्याच वाटेनं जाता हे बरंच आहे, फक्त पायात बूट असू द्या. घरी आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि काखेत गोचीड तपासा. फवारणी झालेलं शेत आणि उंदरांसाठी विष टाकलेली जागा टाळा. दुसऱ्याच्या जमिनीवर आधी विचारून जा.

भरल्या पोटी सराव नको. ब्लडहाउंडसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. जेवण आणि सराव यांत दोन तास तरी जाऊ द्या. पाणी आधी आणि नंतर, थोडं थोडं.

वीस मिनिटांच्या मागानंतर टिकली तासभराच्या पळापळीपेक्षा जास्त गाढ झोपते. पहिल्या दिवशी मला ती आजारी वाटली होती. झोपेतही तिच्या नाकपुड्या हलत असतात.

वहीतली परवाची नोंद : सकाळी साडेसहा, दव, वारा नाहीसा. आंधळा माग, चाळीस मिनिटं जुना, तीन वळणं. दुसऱ्या वळणाशी चार मीटर पुढे गेली, दीड फेरी मारून परतली. मी हलले नाही. मोजे दोन, दोन्ही सापडले. दोरी ओली, वाळत घातली.